मान राखून दिलेले दान

शास्त्रवाचन : रूथ २:१-२३, लेवीय १९:९-१०



रायपूरच्या पंडरी भागात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना छेरछेरा सण नवा नाही. पौष पौर्णिमेला नवे भात घरात आलेले असते आणि मुले पिशव्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात. त्या दिवशी सुखवस्तू घरचे मूलही मागते आणि गरिबाच्या घरूनही मूठभर धान मिळते. सगळेच मागतात, म्हणून मागायची लाज कोणालाच वाटत नाही.

वर्षाच्या बाकीच्या दिवसांचे काय? आपल्याच धर्मग्रामातल्या एखाद्या घरी कमावत्याचे काम सुटलेले असते, जिल्हा रुग्णालयात कोणी दाखल असते, मुलांची फी थकलेली असते. रविवारी मिस्सा संपल्यावर आपण विचारतो, "कसं चाललंय?" उत्तर येते, "बरं चाललंय." आणि ते कुटुंब गर्दीतून लवकर निघून जाते. आपण दान करत नाही असे नाही. दानपेटीत पैसे टाकतो, नाताळला कपडे वाटतो. पण घेणाऱ्याची मान खाली न जाता ते त्याच्यापर्यंत पोहोचते का, हे आज आपण तपासून पाहू या.

न मागणाऱ्यांची भूक

पंडिता रमाबाईंना ही भूक माहीत होती. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. घर विद्वानांचे होते. पुराणे सांगून पोट भरणाऱ्या या कुटुंबाला मोलमजुरी ठाऊक नव्हती आणि भीक मागण्याचा संकोच होता. जवळचे होते ते संपले, आणि उपासमार चार भिंतींआड राहिली. पुढे रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपले रायपूर तेव्हा याच प्रांतात होते. रमाबाई त्या वेळी पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. मदत मागायला कोणी येईल म्हणून त्या थांबल्या नाहीत. स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवा मिळून सुमारे ३०० जणींना आश्रय दिला. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले ते यातूनच.

बवाजाकडून तीन धडे

रूथची गोष्टही दुष्काळापासूनच सुरू होते. परक्या देशातून आलेली ही विधवा सासूसाठी शेतात सरवा वेचायला जाते. बवाज काय करतो ते क्रमाने पाहा.

*पहिले, तो पाहतो.* शेतात आल्यावर त्याची नजर पिकावरच राहत नाही. नवा चेहरा दिसताच ती कोण, याची तो मुकादमाकडे चौकशी करतो. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद १८३३ पासून हेच करत आले आहेत. गरजवंताला दारात बोलावण्याऐवजी ते त्याच्या घरी जाऊन भेटतात. घरी गेल्यावर रिकामा डबा न सांगता दिसतो.

*दुसरे, तो मान राखतो.* कापणी करणाऱ्यांना तो सांगतो की पेंढ्यांतून थोडी कणसे मुद्दाम गळू द्या आणि तिला टाकून बोलू नका. रूथला वाटते, आपण आपल्या कष्टाने वेचले. देणारा कोण हे शेतात कोणी पुकारत नाही. याउलट आपण धान्याची पिशवी देताना फोटो काढतो आणि तो ग्रुपवर टाकतो. दोन मुले त्याच शाळेत शिकत असतात. तो फोटो त्यांच्या मित्रांनी पाहिला तर त्या घराला काय वाटेल?

*तिसरे, तो तिला उभे राहू देतो.* रूथ संध्याकाळी फक्त पोट भरून परतत नाही. झोडलेले सातू आणि जेवणातले उरलेले ती नामीला नेऊन देते. सकाळची गरजवंत संध्याकाळी देणारी होते. मुक्ती सदनातही मुलींना अन्नावर थांबवले नाही. त्या शिकल्या, विणकाम, शेती, छपाई अशी कामे करू लागल्या. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन होते. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेल्या मराठी बायबलची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. कोणे एके काळी ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांच्या हातून देवाचा शब्द इतरांपर्यंत गेला.

देवाने इस्राएलला शेताच्या कडा कापू नका असे सांगितले. म्हणजे गरिबाचा वाटा पिकातच धरलेला होता. उरले तर द्यायचे असे नव्हते. आपल्या महिन्याच्या खर्चात अशी न कापलेली कड आहे का?

चिंतनासाठी

१. गेल्या काही रविवारी मिस्साला कोण दिसले नाही? मी त्यांच्या घरी गेलो का?

२. कोणाची मदत घेताना मला कधी ओशाळल्यासारखे झाले होते? देताना मी ते आठवतो का?

३. ज्याला मी देतो, त्याच्याकडून मी काही घेतले आहे का? एखादे कौशल्य, प्रार्थना, चहाचा कप?

या आठवड्याचा संकल्प

दोघांनी मिळून एका घरी भेट द्या. पहिल्या भेटीत काही घेऊन जाऊ नका, बसा, ऐका. गरज कळली तर ती धर्मगुरूंना किंवा समूहाच्या प्रमुखांना एकांतात सांगा. नाव इतर कोणालाही सांगू नका, प्रार्थनासभेत विनंती म्हणूनसुद्धा नाही.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितलेस, आणि मागणाऱ्याचा मान वाढवलास. आमच्या शेजारची न बोललेली गरज आम्हांला दिसू दे. आमच्या देण्याने कोणाची मान खाली जाऊ नये, आणि घेताना आमचे मनही नम्र असावे. आमेन.