नाण्यावरचे साल, नाण्याचे वय

नाणे हाती आले की आपण आधी साल वाचतो. ऑस्ट्रियाच्या सोन्याच्या डुकाटवर १९१५ साल असते. त्यावरील सम्राट फ्रान्झ जोसेफ १९१६ साली वारले. तरी व्हिएन्नाची टांकसाळ संग्राहकांसाठी तेच साल घालून हे नाणे आजही पाडते. मग ते खोटे का? नाही. टांकसाळ अधिकृत, सोनेही खरे. वजन ३.४९ ग्रॅम, कस हजारात ९८६. आपण गणित करू : ३.४९ × ०.९८६ = सुमारे ३.४४ ग्रॅम शुद्ध सोने. फसगत होते ती ‘शंभर वर्षांचे जुने’ म्हणून जादा पैसे मोजल्यास. पालकांनीही ध्यानात ठेवावे : सोन्याचे मोल वजन आणि कसावरून ठरते, नुसत्या सालावरून वय ठरत नाही.