ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या नंबरवर काय लिहायचं?

जून-जुलै आला की हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला गावाकडून एक तरी फोन येतो. मामाचा मुलगा, शेजारची ताई, शाळेतला ज्युनिअर... "दादा, माझा ऑप्शन फॉर्म भरून दे ना." इंजिनीअरिंगला आहे म्हणजे याला सगळंच माहीत असणार, असा त्यांचा समज! मग बरेच दादा काय करतात, तर मागच्या वर्षीची कट-ऑफ लिस्ट उघडतात, पर्सेंटाइल बघतात आणि सांगतात, "काहून भरतं बे हे कॉलेज? लागणार नाही तुले. काढ वरून." नेटकॅफेवाले काकाही हेच सांगतात. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजायला फार मोठं गणित लागत नाही.

आधी पर्सेंटाइल. २०१९ पासून एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. समजा ३ लाख मुलं बसली, तर ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण ३० हजार मुलं आहेत. घरच्यांना हे नीट सांगा, नाहीतर पेढे वाटले जातात आणि नंतर रडारड होते.

आता मुख्य मुद्दा. कॅप राउंडमध्ये (कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, पूर्वी डीटीई घ्यायचं, आता सीईटी सेल घेतं) कॉम्प्युटर मेरिट नंबरप्रमाणे एकेका विद्यार्थ्याकडे येतो. तुमचा नंबर आला की तो तुमची यादी वरून खाली वाचतो. पहिल्या कॉलेजमध्ये तुम्हाला चालणारी जागा शिल्लक आहे? नाही. दुसऱ्यात? नाही. तिसऱ्यात? आहे, दिली. तुमचं पूर्ण झाल्यावरच तो तुमच्या मागच्याकडे जातो. म्हणजे पहिल्या नंबरवर पुण्याचं सीओईपी लिहिलं आणि ते नाही मिळालं, तरी खालच्या कॉलेजवरचा तुमचा हक्क जराही कमी होत नाही. मागच्या मुलाने तेच खालचं कॉलेज पहिल्या नंबरवर लिहिलं असलं तरी तो तुमच्या पुढे जाऊ शकत नाही. ३०० पर्यंत ऑप्शन भरता येतात. मग स्वप्नातलं कॉलेज वर लिहायला भ्यायचं कशाला?

ही भीती आली कुठून? काही ठिकाणी ती खरीच होती. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात शाळाप्रवेशाची पद्धत २००५ पर्यंत उलटी होती. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंती भरायच्या, उरलेल्या जागा दुसऱ्या पसंतीवाल्यांना. त्यामुळे पहिली पसंती हुकली की दुसरी चांगली शाळा तोवर भरलेली असायची. हुशार पालक मग मुद्दाम खोटी पसंती लिहायचे, आणि ज्यांना ही ट्रिक माहीत नव्हती त्यांची मुलं मागे पडायची. अर्थशास्त्रज्ञांनी ही गडबड दाखवून दिल्यावर २००५ मध्ये बोस्टनने गेल आणि शेपली यांच्या १९६२ च्या पेपरवर आधारलेली पद्धत घेतली. (त्या पेपरात कॉलेजप्रवेश आणि लग्न जुळवणं दोन्ही एकाच गणितात बसवलं आहे!) शेपली आणि ऑल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सगळ्यांची मेरिट लिस्ट एकच असली की तीच पद्धत सोपी होऊन आपल्या कॅपसारखी दिसते.

पण एक गोष्ट आहे. हे गणित एका राउंडपुरतं आहे. २०२५ च्या प्रवेशात राउंड तीनाचे चार झाले आणि सक्ती वाढली. पहिल्या राउंडला पहिली पसंती मिळाली तर घ्यावीच लागते. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी कोणतीही, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी कोणतीही. नाही घेतली तर पुढच्या राउंडमधून बाहेर. म्हणून वरच्या सहा ओळींत "बघू, टाकून ठेवू" असं काही टाकू नका. आयत्या वेळी सुचलेलं कॉलेज तिथे नकोच.

दुसरा घोळ कट-ऑफ लिस्टमधल्या अक्षरांचा. जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, एल-ओपन-एस हे काय आहे? 'जी' सर्वसाधारण, 'एल' मुलींची राखीव जागा, मधे प्रवर्ग. शेवटचं 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे बाहेरची, 'एस' म्हणजे राज्यस्तर. विद्यापीठाला जोडलेल्या नेहमीच्या कॉलेजात ७० टक्के जागा होमवाल्यांना, ३० टक्के बाहेरच्यांना. अमरावतीच्या सरकारी कॉलेजासारख्या स्वायत्त ठिकाणी 'एस' दिसेल, तिथे होमचा फायदा नाही.

आपलं यवतमाळ १९८३ पर्यंत नागपूर विद्यापीठात होतं. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं आणि आपण अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिमच्या जोडीला आलो. पण होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावर ठरत नाही! दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झाली असेल तर साधारण नियम असा की बारावी जिथून, ते विद्यापीठ होम. म्हणजे उमरखेडचा मुलगा क्लाससाठी नांदेडला गेला आणि बारावीही तिथूनच दिली, तर तो नांदेड विद्यापीठाचा. वणीची मुलगी चंद्रपूरला शिकली तर गोंडवानाची. पुसदच्या कॉलेजात हे दोघं आपल्या जिल्ह्यात राहूनही 'ओ' मध्ये मोजले जातील. अकरावीला प्रवेश घेताना हे कोणी सांगत नाही, क्लासवाले तर नाहीच नाही.

आणि मनापासूनची पसंती म्हणजे मोठ्या नावांची यादी नव्हे. त्यात बाबांचा कापूस किती निघाला हेही येतं. पुण्यात खोलीभाडं, मेस, जाणं-येणं धरून खर्च काढा. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी आहेत, पण त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि शेवटी 'टी' असतो. तो वेगळा भरला नाही तर मिळत नाही. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतल्यास नाही. माझ्या मते ह्या एका कारणाने बऱ्याच मुलींची यादी वेगळी व्हायला हवी, आणि "मुलीला जवळच टाका" म्हणणाऱ्या काकांना दाखवायला हा चांगला कागद आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअर बारावीतच काढायला टाका. नॉन-क्रिमिलेअरवरची ३१ मार्चची तारीख बघा. वेळेत नसलं तर नाव सरळ ओपनमध्ये जातं.

फॉर्म भरून झाल्यावर आधी प्रिंट काढा, घरी सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने वाचा, मगच कन्फर्म करा. कन्फर्म केल्याशिवाय फॉर्म धरत नाहीत, आणि केल्यावर त्या राउंडला बदलता येत नाही. पासवर्ड कॅफेच्या वहीत लिहून ठेवू नका.