सूज उतरते, ती कपाळावरून

हेअर ट्रान्सप्लांट झाल्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी सकाळी रुग्णाचा फोन हमखास येतो. आवाज घाबरलेला असतो. “डॉक्टर, काल फक्त कपाळ जड वाटत होतं. आज उठलो तर डोळेच उघडेनात. काही बिघडलं तर नाही ना?” मागून आईचा किंवा बायकोचा आवाज येतो, “चेहरा ओळखू येत नाहीये हो!” शस्त्रक्रियेच्या दिवशी चालत घरी गेलेला, दुसऱ्या दिवशी ठणठणीत असलेला माणूस तिसऱ्या दिवशी असा दिसला तर घरचे घाबरणारच. ही भीती निम्म्याने तरी कमी व्हावी म्हणून आजचा लेख.

आधी ही सूज येते कुठून ते समजून घेऊ. केसांची मुळं, म्हणजे ग्राफ्ट, बसवताना डोक्याच्या त्वचेत भुलेचं औषध आणि सलाईन टोचलं जातं. त्यामुळे भाग बधिर होतो, त्वचा फुगून घट्ट होते आणि रक्तस्राव कमी होतो. त्यानंतर शेकडो, कधी हजारो बारीक छिद्रं पाडली जातात. जखम झाली की तिथे पाणी जमणं हा शरीराचा धर्मच आहे. हे सगळं पाणी कवटी आणि त्वचा यांच्यामधल्या सैल थरात साठतं. तिथे त्याला अडवणारं काही नसतं, म्हणून ते उताराकडे निघतं. कपाळाचा स्नायू खाली हाडाला नव्हे, भुवयांच्या त्वचेला जोडलेला असतो. त्यामुळे भुवईपाशीही बांध लागत नाही आणि पाणी थेट पापण्यांत उतरतं. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, तेव्हा थोडंसं पाणीही तिथे फार दिसतं.

मराठीत आपण ‘सूज उतरली’ म्हणतो, तेव्हा ती कमी झाली असा अर्थ असतो. इथे ती अक्षरशः उतरते. दुसऱ्या दिवशी कपाळावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापण्यांवर आणि नाकाच्या मुळाशी, मग गालांवर आणि त्यानंतर नाहीशी. बहुतेकांची सूज पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत ओसरते. डोळ्यांखाली निळसर-पिवळी झाक आणखी काही दिवस राहू शकते. बसवलेल्या ग्राफ्टना या सुजेमुळे सहसा धोका नसतो.

सूज कमी राहावी म्हणून

पहिले चार-पाच दिवस पाठीवर आणि डोकं उंचावर ठेवून झोपा. एक उशी पुरत नाही. दोन-तीन उशा किंवा तक्का पाठीपासून असा लावा की कंबरेपासून वरचं अंग 30 ते 45 अंश उचललेलं राहील. नुसत्या मानेखाली उशा रचल्या तर मान दुखते आणि झोपेत माणूस घसरून सपाट होतो. आरामखुर्ची असेल तर उत्तम. प्रवासात मानेभोवती घालतात ती उशी लावली की झोपेत कूस वळत नाही.

खाली वाकू नका. हे सांगायला सोपं, पाळायला अवघड, कारण आपला अख्खा दिवस वाकण्यात जातो. बुटाची नाडी, खाली पडलेला मोबाइल, बादलीवर ओणवं होऊन घेतलेली अंघोळ, देवापुढे टेकवलेलं डोकं, सूर्यनमस्कार, सगळं दहा दिवस थांबवा. नमस्कार उभ्यानेच करा, देव रागावत नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने डोक्याकडे दाब वाढतो. पाणी भरपूर प्या, आणि लोणचं, पापड, फरसाण आठवडाभर दूर ठेवा, कारण मीठ अंगात पाणी धरून ठेवतं.

बर्फाचा शेक फक्त कपाळावर द्या, भुवईच्या वर आणि ग्राफ्टच्या रेषेपासून अंतर राखून. बर्फ रुमालात गुंडाळा, दहा मिनिटं ठेवा, काढा, तासाभराने पुन्हा. या दिवसांत कपाळ अर्धवट बधिर असतं, त्यामुळे बर्फ पोळला तरी कळत नाही, म्हणून घड्याळ लावूनच शेका. तुमच्या डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दोन बोटं कपाळाच्या मध्यावर टेकवून हलक्या हाताने कानशिलाकडे न्या. बोटं वर केसांकडे कधीच नेऊ नका.

सूज कमी करायला काही जणांना स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या जातात. त्या मित्राच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणू नका. मधुमेह असेल तर त्या साखर झपाट्याने वाढवतात. दुखण्यासाठीही अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी स्वतःहून घेऊ नका, तिने रक्तस्राव वाढतो.

खपल्या आणि पहिलं धुणं

प्रत्येक ग्राफ्टभोवती एक बारीक खपली धरते. पहिले आठ-दहा दिवस ग्राफ्ट पुरता रुजलेला नसतो, खपली ओढली तर तोही निघून येऊ शकतो. म्हणून पहिलं धुणं शक्यतो क्लिनिकमध्येच करून घ्या आणि नीट बघा. नंतर घरी: मगभर कोमट पाण्यात सौम्य शाम्पू कालवा, फेस तळहातावर घेऊन टाळूवर नुसता टेकवा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग ताठ बसून तांब्याने बारीक धार सोडा. शॉवरची जोरदार धार नको, नखं नकोत, टॉवेलने खसाखसा पुसणं नको. साधारण 7 ते 14 दिवसांत खपल्या आपोआप सुटतात.

घरची माणसं मायेपोटी हळद, कोरफड, खोबरेल तेल घेऊन येतात. त्यांना प्रेमाने थांबवा. उघड्या जखमांवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही लावायचं नाही. डोक्यातून ओढून घालायचा टी-शर्ट नको, बटणांचा शर्ट घाला. दुचाकीवरून घरी जाऊ नका आणि हेल्मेट कधी घालायचं ते डॉक्टरांना विचारा. सिगारेट आणि तंबाखू बंदच हवेत. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळांना त्या वेळी रक्ताचीच सर्वांत जास्त गरज असते.

ही सूज वेगळी

पुढीलपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका. ताप. चौथ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढत जाणारं दुखणं. एकाच बाजूला लाल, गरम, ठणकणारी सूज. पू किंवा दुर्गंधी. त्वचा काळपट पडणं. पापणी हाताने उघडल्यावरही अंधुक दिसणं. आणि ओठ, जीभ, घसा सुजणं, अंगावर गांधी उठणं, धाप लागणं, ही तीव्र अ‍ॅलर्जीची लक्षणं आहेत. अशा वेळी क्लिनिकला फोन करत बसू नका, सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मार्च 2019 मध्ये मुंबईत एका व्यक्तीचा ट्रान्सप्लांटनंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. चेहरा आणि घसा सुजून श्वास लागल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. असं क्वचितच घडतं, पण घडतं.

म्हणूनच शस्त्रक्रिया कोण करणार हे आधीच विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे की ही शस्त्रक्रिया योग्य प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावी, आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून किंवा एखादी कार्यशाळा करून ते प्रशिक्षण होत नाही. तुमची अ‍ॅलर्जी, रक्तदाब, हृदयविकार, चालू गोळ्या, काहीही लपवू नका.

पुढचं वर्ष

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केस गळू लागतात आणि मला दुसरा घाबरलेला फोन येतो. भाताची लावणी पाहिलेल्यांना मी एवढंच सांगतो: रोप जागा बदललं की आधी पिवळं पडतं, मग मूळ धरतं. वरचा केस जातो, मूळ आत सुखरूप असतं. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकावतात, सहाव्या ते नवव्या महिन्यात फरक दिसतो, आणि खरा निकाल वर्षभराने, डोक्याच्या भोवऱ्यापाशी कधी दीड वर्षाने. लग्न ठरलं असेल तर हा हिशेब आधी करा. मांडव आठ दिवसांवर आलेला असताना ही शस्त्रक्रिया करून घेऊ नका.

आणि पहिल्या आठवड्यासाठी एक छोटं काम. रोज सकाळी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात चेहऱ्याचा एक फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. तो पाहताना सूज किती आहे यापेक्षा ती कुठे पोचली आहे ते बघा. काल भुवईवर होती, आज पापणीवर आली, दुखणं वाढलेलं नाही, ताप नाही, म्हणजे ती तिच्या वाटेने चालली आहे. उशा नीट लावा आणि तिला उतरू द्या.