सप्तापुरात खोल्या देता देता

धारवाडचं सप्तापूर म्हणजे पुण्याची सदाशिव पेठ समजा. तिथे एमपीएससी, इथे कर्नाटकची केपीएससी. विजयपूर, बागलकोट, रायचूरकडची मुलं-मुली केएएस (राज्य प्रशासकीय सेवा), पीएसआय, एफडीए, एसडीए (साहाय्यक-कारकून पदं) यांची तयारी करायला येतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या त्यांना भाड्याने दिलेल्या आहेत, खाली मी डबे करते. घरात मराठी, जिन्यात कन्नड. तरुणांचं पुढे काय होणार यावर बोलणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. मी भाकऱ्या थापते आणि बघते. बघून जे कळलं, ते असं.

१. परीक्षेपेक्षा तिची वाट बघणं अवघड. पीएसआयच्या ५४५ जागांसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये लेखी परीक्षा झाली. घोटाळा बाहेर आला आणि एप्रिल २०२२ मध्ये सगळं रद्द झालं. फेरपरीक्षा व्हायला जानेवारी २०२४ उजाडला. ज्यांनी गैर काही केलं नव्हतं त्यांचीही ही वर्षं गेलीच. तेवढ्या काळात गावाकडे धाकट्या भावाचं लग्न होतं, बाप थकतो, आणि मुलगा तेच चालू घडामोडींचं पुस्तक नव्या आवृत्तीत विकत घेतो. अधूनमधून सरकार वयोमर्यादा सैल करतं. त्या दिवशी वर जल्लोष असतो, आणि मला धडकी भरते, कारण वय वाढवून मिळालं म्हणून जागा वाढत नाहीत. राज्य सरकारच्या युवा निधी योजनेत बेरोजगार पदवीधराला महिना ३००० रुपये मिळतात, तेही जास्तीत जास्त दोन वर्षं. ते अभ्यासिकेच्या फीतच जातात. किती वर्षं द्यायची हे पहिल्याच महिन्यात ठरवलेली मुलं मी पाहिली आहेत. ती पास झाली नाहीत तरी मोडली नाहीत.

२. ज्या खुर्चीसाठी धडपड चालली आहे, ती खुर्चीच आकसते आहे. एफडीए-एसडीए म्हणजे मुख्यतः कारकुनी. तुमच्याकडच्या सातबाऱ्यासारखी आमच्याकडे ‘पहाणी’ असते. ‘भूमी’ योजनेत ती पंचवीसेक वर्षांपूर्वीच संगणकावर गेली. आता गावातलं पोरगं मोबाइलवर उतारा काढतं. नोंदी लिहिणारे, नकला करणारे, टंकलेखक ही कामं आधीच ओसरली. उरलेल्या मसुदे-पत्रांवर आता एआय येऊन बसतंय.

पण यंत्राला सगळंच जमतं असंही नाही, भाषांतर तर नाहीच, आणि माणूस निष्काळजी असला तर त्यालाही जमत नाही. ऑगस्ट २०२४ मधल्या केएएस पूर्वपरीक्षेत इंग्रजी प्रश्नांचं कन्नड भाषांतर इतकं बिघडलं की सरकारला फेरपरीक्षा घ्यावी लागली. ती डिसेंबरमध्ये झाली, तर तिच्यातही चुका निघाल्याची ओरड झाली. वर रात्रभर वादावादी चालली होती. मला वाटतं, दोन भाषा नीट येणाऱ्या माणसाला पुढची कित्येक वर्षं काम कमी पडणार नाही. द. रा. बेंद्र्यांच्या गावात हे वेगळं सांगायला नको: घरची भाषा मराठी, आणि ज्ञानपीठ कन्नड कवितेला.

३. माझा सर्वांत जास्त विश्वास बसतो तो मुलींच्या बसवर. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास राज्यात फुकट झाला. नवलगुंद, कलघटगीकडच्या मुली सकाळी येतात, अभ्यासिकेत बसतात, संध्याकाळी घरी जातात. यातल्या कितीतरी जणींना खोली घेऊन राहायला घरून परवानगी मिळाली नसती. ज्यांना मिळाली असती त्याही आता घरून ये-जा करतात, त्यामुळे माझी एक खोली बरेच महिने रिकामी राहिली. राहू दे.

४. मोठ्या संस्थेच्या कुंपणाशेजारी राहून आत प्रवेश मिळत नाही. आयआयटी २०१६ मध्ये धारवाडला आली, २०२३ मध्ये स्वतःच्या आवारात गेली. अभिमान आहेच, पण तिथली जागा देशभरातून आलेल्यांशी झुंजून मिळते. हुबळीत इन्फोसिसचं केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं, तरी विद्यानगरात इंजिनिअर झालेला मुलगा बॅग भरतो तो बेंगळुरूसाठीच. वंदे भारत सुरू झाल्यापासून तर आणखी सोपं झालंय.

५. हाताच्या कामाची लाज वाटते, हाच खरा अडसर. आमच्याकडचा एक मुलगा परीक्षा सोडून आयटीआयला गेला, वीजतंत्री झाला. आता छपरांवर सोलर पॅनेल बसवतो आणि कामं आली की शेजारच्या खोलीतल्या दोघांना मदतीला नेतो. महिन्याची कमाई क्लार्कच्या पगाराच्या तोडीची. पण गावाकडे त्याची आई अजून सांगते, “तयारी चालू आहे.” सोलर वाढणार, बॅटरीवरच्या गाड्या वाढणार, त्या दुरुस्त करणारी माणसं लागणार. मग स्थळ बघताना असा मुलगा का चालत नाही, हे मला कुणी समजावून सांगावं.

६. क्लास मोबाइलवर मिळतो, सोबत मिळत नाही. शिकवणी घरबसल्या बघता येते, तरी मुलं सप्तापुरात येतातच. नापास झालेल्या रात्री चहा प्यायला कुणीतरी लागतं.

दर वर्षी पालक खोली बघायला येतात तेव्हा पाणी किती वेळ येतं, वायफाय आहे का, जेवण कसं असतं, हे बारकाईने विचारतात. योग्यच आहे. पण गावाहून निघण्याआधी घरातच आणखी दोन गोष्टी बोलून या: किती वर्षं द्यायची, आणि नाही जमलं तर काय करायचं. आणि मुलाला बोलू द्या.