फडावरची उन्हाळी आणि निकामी होणाऱ्या गोळ्या



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा व खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या वेळी फडावरच्या एका दुखण्याविषयी लिहीत आहोत. तोडणी सुरू झाली की टोळीतील कित्येक बायांना लघवीला जळजळ होते, सारखे जावेसे वाटते, ओटीपोट दुखते. आपण तिला उन्हाळी म्हणतो. ‘उन्हाचं आहे, दोन गोळ्या घे’ एवढ्यावर काम भागवले जाते.

ही उन्हाळी पुष्कळदा जंतूंमुळे असते आणि बहुतेक वेळा तो जंतू ई. कोलाय असतो. तो आपल्या आतड्यात राहतो, तेथे सहसा त्रास देत नाही. मूत्रमार्गात शिरला की आजार होतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून त्यांना त्रास अधिक. त्यात फडावर आडोसा नसतो. बाई पाणी कमी पिते, लघवी धरून ठेवते आणि जंतूंना वाढायला सवड मिळते.

आता गोळीचे पाहू. अजिंठा-सिल्लोड भागातील कपाशीवाल्यांना हे चटकन समजेल. बीटी कपाशीला 2002 साली परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळीला चांगला आळा बसला. पण ज्या थोड्या शेंदरी अळ्या तगल्या, त्यांचीच पैदास वाढत गेली आणि 2017 च्या हंगामात राज्यभर बोंडे किडली. जंतूंचेही तसेच. अळीच्या एका पिढीला महिनाभर लागतो, ई. कोलाय मात्र सोयीची जागा मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. शिवाय औषधाला दाद न देण्याचा गुण ते शेजारच्या जंतूलाही देऊ शकतात.

अँटिबायोटिक गोळी उगाच घेतली, कमी घेतली, की कच्चे जंतू मरतात व चिवट उरतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी हा इशारा 1945 सालीच दिला होता. आज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत, रुग्णालयांतून आलेल्या ई. कोलायच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाही. नायट्रोफ्युरँटॉइनसारखी काही औषधे अजून चालतात. तीही अशीच वाया घालवली तर साध्या उन्हाळीसाठी दवाखान्यात भरती होऊन सुया घ्याव्या लागतील.

तरी सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात :

1. तोडणीच्या दिवशी बांधावर पिण्याचे स्वच्छ पाणी व गोणपाटाचा का होईना, आडोसा करावा.

2. गोळ्यांच्या पाकिटावर उभी तांबडी रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घेऊ वा देऊ नये. या खुणेचा प्रचार केंद्र सरकारने 2016 साली सुरू केला.

3. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध घ्यावे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नये, दुसऱ्याची उरलेली गोळी घेऊ नये.

4. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर औषध सुरू करण्यापूर्वी लघवीची कल्चर तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. कोणते औषध लागू पडेल ते तीत कळते.

5. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या, लघवीतून रक्त, किंवा बाई गरोदर असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खाडा पडेल या भीतीने बाई दुखणे लपवते. दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नये, हे मुकादमाला आपणच बजावावे. फड आपला आहे, तेथे आपला शब्द चालतो.

— ऊस विकास विभाग