कागद मुलांच्या हातात द्या



तुमची मुलगी किंवा मुलगा येत्या ऑक्टोबरच्या सत्रासाठी जर्मनीला निघणार असेल, तर सध्या तुमच्या घरी काय चाललं असेल ते मी ओळखून आहे. शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएसचं प्रमाणपत्र आलं, प्रवेशपत्र हातात पडलं, व्हिसाची तारीख मिळाली. आता भाजणी, मेतकूट आणि छोटा कुकर यांतलं काय बॅगेत मावेल, यावर रोज चर्चा होत असेल. थंडीचे कपडे, जेवणाचे हाल, एकटेपणा या सगळ्याची काळजी करून झाली असेल. मला मात्र तुमच्याशी बोलायचं आहे ते कागदपत्रांबद्दल.

मी बरीच वर्षं स्टुटगार्टला राहते. दर वर्षी आपल्याकडची नवी मुलं येतात, ओळखीतून ओळख निघते आणि रविवारी कुणी ना कुणी माझ्याकडे जेवायला असतं. ताटं उचलली की हळूच पाठपिशवीतून पाकिटं बाहेर निघतात. ‘काकू, हे जरा वाचून सांगता का?’ इतक्या वर्षांत एक गोष्ट मला स्पष्ट दिसली आहे. पहिल्या तीन महिन्यांत मुलांचा धीर जिथे सुटतो, तिथे बहुतेक वेळा एखादं कार्यालयाचं पत्र असतं. आणि ज्या मुलांनी आपल्या देशात स्वतःची कामं स्वतः केलेली असतात, ती यातून फार लवकर सावरतात.

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घ्या, म्हणजे फोनवर मुलं अर्धवट सांगतात त्याचा अर्थ लागेल.

इथे राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत महापालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते. मुलांच्या बोलण्यात ‘आन्मेल्डुंग’ येईल ते हेच. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, आणि नुसता भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. शिवाय त्या कार्यालयाची वेळ, म्हणजे ‘टर्मिन’, आधी घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही. नोंदणी झाली की काही आठवड्यांत अकरा आकड्यांचा कर क्रमांक पोस्टाने येतो. अर्धवेळ कामाच्या पगारासाठी तो हवा. बँक खात्यासाठी अनेक ठिकाणी नोंदणीचा कागद मागतात. घर शोधायला जावं तर मालक उत्पन्नाचा पुरावा आणि ‘शूफा’, म्हणजे उधारीच्या इतिहासाचा दाखला मागतो. कालच विमानातून उतरलेल्या मुलाकडे तो कुठून असणार? एका कागदासाठी दुसरा हवा आणि दुसऱ्यासाठी पहिला, अशा फेऱ्यात मूल सापडतं. तुमचा मुलगा ‘अजून काहीच झालं नाही’ असं म्हणाला तर तो आळशीपणा करतोय असं समजू नका. तो रांगेत आहे.

पैशांचं गणितही आधी मांडून घ्या. व्हिसासाठी तुम्ही ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो भरले असतील. त्यातून महिन्याला 992 युरो मिळतात, पण इथलं चालू खातं उघडून ते जोडल्यावरच. म्हणजे ज्या दिवसांत खर्च सर्वांत जास्त, नेमके त्याच दिवसांत हे पैसे हाती नसतात. घराचं डिपॉझिट हीटिंगसारखे खर्च वगळून तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असू शकतं. कायद्याने ते तीन मासिक हप्त्यांत देता येतं, हे मुलांना ठाऊक नसतं. त्यांना सांगून ठेवा. आरोग्यविम्याचे महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातात. विद्यापीठाचं सत्रशुल्क वेगळं. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात तर युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1,500 युरो फी आहे. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांचा खर्च आणि डिपॉझिट ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, मुलाला लगेच वापरता येईल असं ठेवा.

घराच्या बाबतीत एक कळकळीची विनंती. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी मुलाला ‘स्टुडिरेंडेनवेर्क’, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहासाठी अर्ज करायला लावा, कारण तिथली प्रतीक्षायादी अनेकदा महिनोन्‌महिने चालते. आणि इंटरनेटवरचं घर पाहून कुणी म्हणालं, ‘मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल’, तर एक पैसाही पाठवू नका. कष्टाचे पैसे असे गमावलेले पालक मला माहीत आहेत. त्यापेक्षा पहिले काही आठवडे महागड्या हॉस्टेलमध्ये काढलेले परवडतात.

आता पत्रांबद्दल. जर्मनीत आजही महत्त्वाची गोष्ट पोस्टाने येते. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दोन दिवसांनी दुसऱ्या पाकिटात. विम्याचं पत्र, कराचं पत्र, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं पत्र, सगळं पत्रपेटीत. आपल्या पत्त्यात असतो तसा फ्लॅट नंबर इथल्या पत्त्यात सहसा नसतो. पोस्टमन पेटीवरचं नाव पाहून पत्र टाकतो. चार मुलं मिळून राहत असतील आणि पेटीवर तुमच्या मुलीच्या आडनावाची पट्टी नसेल, तर पत्र परत जातं आणि तिला कळतही नाही. म्हणून घरात शिरल्यावर पहिलं काम पेटीवर आणि बेलवर नाव लावण्याचं. पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने.

मागे नाशिकची एक मुलगी आली होती. हुशार, सीजीपीए उत्तम, जर्मनची बी वन परीक्षा झालेली. जेवताना गप्प होती. मग तिने वहीत दुमडून ठेवलेलं एक पाकीट काढलं. ते उघडून, वाचून, पुन्हा घडी करून इतक्या वेळा ठेवलं होतं की घडीवर कागद विरला होता. ‘व्हिसाचं काही असेल का हो?’ तिने विचारलं. पत्र विमा कंपनीचं होतं. नव्या सत्राचा विद्यापीठातला नावनोंदणीचा दाखला पाठवा, एवढंच त्यात म्हटलं होतं. विद्यापीठाच्या पोर्टलवरून तो दाखला काढून अपलोड करायला आम्हाला पाच मिनिटंही लागली नाहीत. पण ती कित्येक रात्री नीट झोपली नव्हती, आणि घरी काळजी नको म्हणून आईला काहीच बोलली नव्हती.

तिला जर्मन येत होतं. अडलं होतं ते दुसरीकडे. अधिकृत कागद वाचायचा, त्यात आपल्याकडून नेमकं काय मागितलंय ते शोधायचं, मुदत कोणती ते पाहायचं आणि कळलं नाही तर न लाजता विचारायचं, ही सवयच तिला नव्हती. आणि ती लागणार तरी कशी? दहावीच्या फॉर्मपासून पासपोर्टच्या अर्जापर्यंत सगळं तिच्या बाबांनी केलेलं. सेतू केंद्रातल्या रांगेत बाबा, बँकेत बाबा, आधार दुरुस्तीला बाबा. तिने फक्त सही केलेली. आपण हे प्रेमापोटी करतो. ‘तू अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो’, असं म्हणत मुलांना वाढवतो. पण परदेशात पाऊल ठेवल्यावर ‘बाकीचं’ बघायला तिथे कुणी नसतं.

म्हणून निघायच्या आधीचे हे महिने मोलाचे आहेत. कामं भरपूर आहेत आणि ती मुलांनीच करायची आहेत. तुम्ही सोबत जा, पण खिडकीशी बोलू द्या त्यांना.

पहिलं काम नावाचं. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळी मांडणी. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, तर अनेक जुन्या जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. हे सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून मुलाने स्वतः ताडून पाहावेत. फरक असेल तर नगरपालिकेत किंवा पासपोर्ट कार्यालयात आत्ताच दुरुस्त करून घ्यावा. जर्मनीतून एक अक्षर बदलायलासुद्धा महिने लागतात.

दुसरं, मोबाइल नंबर. भारतातल्या बँकेचे, आधारचे, प्राप्तिकराचे ओटीपी ज्या सिमवर येतात ते बंद पडू देऊ नका. रोमिंग सुरू करून, थोडा रिचार्ज करत ते मुलाच्या फोनमध्येच ठेवा. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि लसीकरणाच्या नोंदी स्कॅन करून दोन ठिकाणी जपा. शिकायला परदेशी गेलेल्या मुलाचं भारतातलं बचत खातं नियमाने एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं करावं लागतं, त्यासाठी बँकेत मुलानेच जाऊन विचारावं. एखादं औषध नेहमीचं असेल तर डॉक्टरांकडून त्यातल्या मूळ घटकाच्या नावासह इंग्रजीत चिठ्ठी घ्या. जर्मनीत अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर लागला तर 116117, जिवावरचं काही असेल तर 112, हे दोन नंबर मुलांच्या फोनमध्ये आजच घाला.

मुलं इकडे पोचल्यावर काही पथ्यं तुम्हालाही पाळायची आहेत. इथली कार्यालयं सकाळी जोरात असतात. जर्मनीतले सकाळचे आठ म्हणजे भारतात उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. त्या वेळी फोन करू नका, संध्याकाळी निवांत बोला. ‘पार्टटाइम लागलं का’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारू नका. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करायला परवानगी आहे, पण आधी कर क्रमांक, खातं आणि वेळापत्रक जुळावं लागतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. सुरुवातीचा व्हिसा संपण्याआधी इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. परवाना हातात येईपर्यंतच्या काळात एक तात्पुरता कागद मिळतो. त्या कागदावर देशाबाहेर जाऊन परत येता येईल की नाही, हे प्रत्येकाच्या बाबतीत सारखं नसतं. त्या काळात ‘ताईच्या लग्नाला आलंच पाहिजे’ असा हट्ट धरू नका. मुलाने कार्यालयाकडून लेखी खात्री करून घेतल्याशिवाय तिकीट काढू नका.

फोनवर मूल कुरकुरलं तर लगेच उपाय सांगायची घाई करू नका. ‘पत्र आलंय? कुणाचं आहे? मुदत किती आहे? कुणाला विचारशील?’ एवढे चारच प्रश्न विचारा. उत्तर त्याचं त्याला सापडू द्या. विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस, स्टुडिरेंडेनवेर्कचं मोफत सल्ला केंद्र, शहरातलं मराठी मंडळ, शेजारची आजी, मदत करणारी माणसं आहेत. कुणाचं दार वाजवायचं ते मुलाने ठरवायचं. दर महिन्याच्या नभोवाणी शुल्कासारख्या गोष्टीसुद्धा त्यालाच समजू द्या. घरटी 18.36 युरो, चौघांत एकानेच भरायचे आणि वाटून घ्यायचे. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर थकबाकी आणि दंड वाढत जातात. एकदा स्वतः निस्तरलं की पुढच्या पाकिटाला हात लावताना तो बिचकत नाही.

आज घरात जे कुठलं काम अर्धवट असेल, बँकेचं असो, पासपोर्टचं असो वा विम्याचं, त्याची फाईल मुलाकडे द्या आणि म्हणा, ‘हे तू पूर्ण कर. अडलास तर मी आहे.’ त्याला वेळ लागेल. कदाचित एक हेलपाटा वाया जाईल. जाऊ द्या. आपल्या गावात, आपल्या भाषेत, तुम्ही जवळ असताना तो हेलपाटा मारायला शिकला, तर हजारो मैलांवरच्या कार्यालयातही त्याला आपलं काम करून घेता येईल.