हात न लावता मिळालेले ८२ गुण

डिप्लोमावाल्यांना घरबसल्या डिग्रीचं आमिष दाखवणाऱ्यांचा धंदा पूर्व दिल्लीत जोरात आहे आणि माझे कष्टाचे पैसे त्यात बुडाले. ते परत मिळतील ही आशा मी सोडली आहे. पण मयूर विहार, पटपडगंज, लक्ष्मीनगर या पट्ट्यातल्या दवाखान्यांत डिप्लोमावर काम करणाऱ्या कितीतरी मुली आहेत. कुणी लॅबमध्ये, कुणी एक्स-रेत, कुणी फिजिओथेरपीत. त्यांच्यापर्यंत ही हकिगत पोचावी म्हणून लिहिते आहे. शिवाय ‘एवढी शिकलेली, आणि फसलीस कशी?’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. त्यालाही एकदा उत्तर द्यायचं आहे.

माझा डिप्लोमा पोडियाट्रीचा, म्हणजे पावलांच्या उपचारांचा. मयूर विहार फेज १ मधल्या एका क्लिनिकमध्ये मी मधुमेहाच्या रुग्णांचे पाय बघते. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणून एक नायलॉनचा तंतू असतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगून तो तळव्याला टेकवायचा, किंचित वाकेपर्यंत दाबायचा आणि विचारायचं, कळलं का? अनेकांना कळत नाही. एका आजोबांच्या चपलेतून आरपार गेलेली ड्रॉइंग पिन त्यांच्या टाचेत रुतली होती. त्यांना पत्ताच नव्हता, ते तसेच चालत आले होते. कुरूप काढणं, नखुरडं सोडवणं, घट्टा ब्लेडने पातळ पापुद्र्यांनी तासणं, ही सगळी हाताची कामं. कुठे थांबायचं हे बोटांना कळावं लागतं. जरा खोल गेलं तर जखम, जखमेतून संसर्ग, आणि मधुमेह्याच्या पायाला संसर्ग झाला की बोट किंवा पाऊल कापण्यापर्यंत वेळ येते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर आहे. एवढ्या पायांकडे बघणारे हात किती आहेत, ते कुठल्याही ओपीडीत जाऊन बघावं.

तरी पगाराच्या वेळी आम्ही ‘टेक्निशियन’. नोएडाच्या एका मोठ्या हॉस्पिटलात माझी मुलाखत उत्तम झाली, रुग्णावर करून दाखवायला सांगितलं तेही नीट केलं, आणि शेवटी उत्तर आलं की डिग्री नसल्यामुळे घेता येत नाही. ते मला लागलं. पूर्ण वेळ कॉलेज करायचं तर पोडियाट्रीची डिग्री आपल्याकडे मोजक्या ठिकाणी, आणि घर, मूल, नोकरी सोडून जाणं मला शक्य नव्हतं.

दूरशिक्षणावर माझा विश्वास बसला तो आमच्या सिस्टरमुळे. नर्सिंगच्या डिप्लोमावर नोकरी करता करता त्यांनी पूर्वी इग्नूतून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग केलं होतं आणि ती डिग्री खणखणीत होती. नर्सला मिळतं तर मला का नाही, हा माझा प्रश्न रास्तच होता. सिस्टरच्या डिग्रीमागे भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता होती, प्रत्यक्ष हॉस्पिटलात प्रॅक्टिकल होतं, आणि तो कोर्स आधीच नोंदणी झालेल्या, नोकरीतल्या नर्सेससाठीच आखलेला होता. हा फरक ज्याने मला सांगायला हवा होता, तो माणूस पैसे घ्यायला बसला होता.

लक्ष्मीनगरला मेट्रोच्या खांबांवर ‘डिस्टन्स डिग्री’च्या जाहिराती असतात. त्यातल्याच एका ‘स्टडी सेंटर’मध्ये मी गेले. समोरचा माणूस गोड बोलणारा, टापटीप. दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाचं नाव, डिप्लोमामुळे लॅटरल एंट्री, परीक्षा दिल्लीतच, प्रॅक्टिकलची चिंता नाही. मी विचारलं नव्हतं असं अजिबात नाही. मान्यता कुणाची, हा माझा पहिला प्रश्न होता. त्यावर त्याने दूरशिक्षण परिषदेचं शिक्कामोर्तब केलेलं पत्र समोर ठेवलं. पुढे कळलं की ही परिषद २०१३ मध्येच बरखास्त झाली आणि तिचं काम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाकडे गेलं. म्हणजे दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या संस्थेचं पत्र तो मला २०२३ मध्ये दाखवत होता. सामान्य माणसाने हे कसं ओळखायचं?

मी जरा थांबू लागल्यावर त्याने भीती घातली. ‘मॅडमजी, नया कानून आ गया है, डिप्लोमावाले सब बाहर हो जाएँगे.’ तो २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याबद्दल बोलत होता. हा कायदा मी नंतर स्वतः वाचला, आणि सगळ्यात जास्त संताप मला तेव्हा आला. त्याच्या परिशिष्टात पोडियाट्रिस्टचं नाव आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचा डिप्लोमाही बसतो. आमच्यासारख्यांना ज्या कायद्याने जागा दिली, त्याच कायद्याचा बागुलबुवा करून त्याने माझ्याकडून पैसे काढले.

वर्ग झालेच नाहीत. झेरॉक्स नोट्स मिळाल्या, एका भाड्याच्या खोलीत परीक्षा झाली. प्रॅक्टिकलचं विचारलं की ‘आप तो पहले से काम करती हैं’ एवढंच उत्तर. आणि मग एके दिवशी फोन आला की मार्कशीट आल्या आहेत.

तीन वर्षांच्या तीन मार्कशीट होत्या. पहिलीवर परीक्षेचा महिना छापला होता जून २०२२. मी प्रवेश घेतला २०२३ मध्ये. जून २०२२ मध्ये मी बाळंतपणासाठी नागपूरला माहेरी होते. त्याच मार्कशीटवर ‘क्लिनिकल प्रॅक्टिकल’पुढे ८२ गुण होते आणि शेजारी अशा गावातल्या हॉस्पिटलचं नाव, जिथे मी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. माझ्या नावावर कुणीतरी कुठल्यातरी रुग्णांचे पाय तपासल्याची नोंद होती. ते रुग्ण नव्हते, ते पायही नव्हते. कागद हातात धरून मी तिथेच बसून राहिले. उद्या ही डिग्री दाखवून मी कुणाच्या पायावर ब्लेड धरला असता, तर त्या माणसाने माझ्यावर कशाच्या भरवशावर विश्वास ठेवायचा होता?

‘ये तारीख ग़लत है,’ एवढंच मी म्हणाले. त्या क्षणी त्याचा सूर बदलला. सगळे असंच करतात, मागच्या सत्राचे प्रवेश असेच होतात, तुम्हीच पहिल्या आहात तक्रार करणाऱ्या. मी पैसे परत मागितले तर म्हणाला, लिहून द्या की तुम्ही स्वतःहून शिक्षण सोडलं. मी नाही लिहून दिलं. त्यानंतर फोन उचलणं बंद. माझं मूळ डिप्लोमा सर्टिफिकेट ‘व्हेरिफिकेशन’च्या नावाखाली त्याच्याकडे होतं आणि तो ते अडवून बसला. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिल्यावर ते सर्टिफिकेट तेवढं सुटलं. पुढच्या खेपेला गेले तर दारावरची पाटी वेगळी होती, माणसं तीच. मला ‘भाभीजी’ म्हणून चहा पाजणारा तो माणूस मला ओळखतही नसल्यासारखा आत निघून गेला. पैशापेक्षा ते मला जास्त जिव्हारी लागलं.

आता जे शिकले ते सांगते.

विद्यापीठ खरं आहे का, एवढं बघून भागत नाही. माझ्या बाबतीत विद्यापीठ खरंच होतं. यूजीसीची दूरशिक्षणाची परवानगी कोर्सनिहाय आणि सत्रनिहाय असते. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाच्या नावापुढे कोर्सची यादी असते. तुमच्या कोर्सचं नेमकं नाव, तुमच्या सत्रासाठी, तिथे नसेल तर विषय संपला.

वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि इतर पॅरामेडिकल विषय दूरशिक्षणाने शिकवायला यूजीसीने मनाई केलेली आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून २०२१ च्या कायद्याखालचे संलग्न आरोग्य विषयही दूरशिक्षण आणि ऑनलाइनमधून बंद झाले आहेत. मानसशास्त्र आणि आहारशास्त्रसुद्धा त्यात आले. म्हणून आज जो कुणी तुम्हाला पोडियाट्रीची किंवा फिजिओथेरपीची डिग्री पत्राद्वारे देऊ करतो, तो खोटं बोलतो आहे. यात दुसरी शक्यता नाही.

विद्यापीठाला ‘स्टडी सेंटर’ची फ्रँचायझी कुणालाही विकता येत नाही. छत्तीसगडच्या खासगी विद्यापीठांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलं की राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ राज्याबाहेर केंद्रं उघडू शकत नाही. म्हणजे लक्ष्मीनगरच्या त्या खोलीला पहिल्या दिवसापासून काही आधार नव्हता.

‘नोकरी लागली की कोण विचारतं’ हे ऐकू नका. ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या इंजिनिअरिंगच्या डिग्र्या मोडीत काढल्या. २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली, त्यानंतरच्यांच्या डिग्र्या रद्दच झाल्या. नोकरीत मुरलेली माणसं होती ती.

२०२४ पासून दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी (म्हणजे यूजीसीचा दूरशिक्षण विभाग) आयडी काढावा लागतो. तो न मागता कुणी प्रवेश देत असेल तर उठून या. शंका असेल तर माहितीच्या अधिकारात यूजीसीला सरळ विचारा: अमुक विद्यापीठाचा अमुक कोर्स अमुक सत्रात दूरशिक्षणातून मान्य आहे का? फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज घरून करता येतो. सत्र निघून जाईल अशी घाई करणाऱ्याला सांगा, उत्तर आल्यावर येते.

पैसे फक्त विद्यापीठाच्या खात्यात भरा, पावती विद्यापीठाच्या नावाची घ्या. मूळ सर्टिफिकेट कुणाच्याही हातात देऊ नका. दाखवा आणि परत घ्या. बोलणं झालं की तेच मेसेज करून लेखी ठेवा, माझ्या तक्रारीत तेवढंच कामी आलं. घरच्यांशी बोला, घाई करू नका. आणि मागच्या तारखेची मार्कशीट कुणी दिली तर ती वापरू नका. ती वापरलीत की फसवलेल्या तुम्ही राहत नाही, फसवणाऱ्यांत जमा होता.

ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्ट हे बिरुद कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय कुणी ते लावू शकत नाही. इथेही ते दिवस आता येत आहेत. मग आयोगाने एक गोष्ट करावी, ही माझी मागणी आहे: वर्षानुवर्षं रुग्णांना हात लावणाऱ्या डिप्लोमाधारकांसाठी हॉस्पिटलला जोडलेला, शनिवार-रविवारी चालणारा, खरोखरीची प्रॅक्टिकल असलेला पुढचा कोर्स काढावा. खरा रस्ता नसतो, तिथेच दलाल आपली पाटी लावतो.

आणि माझ्या डिप्लोमावाल्या मैत्रिणींनो, उद्या कुणी तुम्हाला घरबसल्या डिग्री देऊ लागला तर एकच विचारा. प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात, कुणाच्या हाताखाली, किती तास? याचं उत्तर सही-शिक्क्यानिशी कागदावर मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.